समुद्राकाठी नेलेलं मीठ

समुद्राकाठच्या गावाला जाताना मी अकोल्याहून मीठ घेऊन गेले होते. एक किलोची पुडी. तिच्यावर दोन प्लास्टिकच्या पिशव्या, पिशव्यांवर जुना टॉवेल, आणि बॅगेत अगदी मधोमध, जशी काही सोन्याची वीट. विमानतळावरच्या माणसाने टॉवेल सोडला, पुडी हातात घेऊन खालीवर केली, वास घेतला. जिभेला लावून पाहायची त्याची हिंमत झाली नाही. "सॉल्ट," मी छाती काढून म्हटलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि एकदा खिडकीबाहेर. खिडकीबाहेर समुद्र होता.

ही बाई मीच. नऊ वर्षांपूर्वीची. तेव्हा मी एकोणसाठची होते, शाळेतून नुकती निवृत्त झालेली, आणि अख्ख्या जठारपेठेत आपल्याइतकं शहाणं कोणी नाही अशी माझी पक्की खात्री होती. आता अडुसष्टाव्या वर्षी तिच्याकडे पाहते तेव्हा वाटतं, हिला वेळेवर कोणीतरी एक थापड द्यायला हवी होती. पण देणार कोण? आमच्या ह्यांची तेवढी छाती कधीच नव्हती.

मीठ नेलं, कारण लेकीच्या घरचं खायचं नाही. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी आईने अन्नाला शिवायचं नाही, पाणीसुद्धा घ्यायचं नाही, असा आमच्याकडचा जुना नियम. माझी आई अमरावतीहून अकोल्याला मला भेटायला यायची ती पाण्याचा तांब्या घेऊन. एसटीत मांडीवर धरून आणायची. लग्नानंतर पहिल्यांदा आली तेव्हा मी दिवसभर खपून पुरणाच्या पोळ्या केल्या होत्या. तिने त्यांच्याकडे पाहिलं, छान फुगल्या म्हणाली, आणि पदराच्या गाठीतले फुटाणे खाऊन संध्याकाळच्या गाडीने परत गेली. मी त्या पोळ्यांच्या परातीशी बसून रडले होते. पुढे मी मोठी झाले तसा राग गेला आणि नियम राहिला. बायकांचं असंच होतं. जे आपल्याला टोचलं ते आपण जपून ठेवतो, पुढच्या पिढीला टोचायला.

माझ्या लेकीने नियम पाळायची सोयच ठेवली नव्हती. ती शिकायला इटलीत गेली आणि तिथल्याच एका जहाजं दुरुस्त करणाऱ्याशी तिने लग्न ठरवलं. लग्न तिथल्या नगरपालिकेत. मी गेले नाही. फोनवर सांगितलं, "माहा गुडघा दुखते बाप्पा, एवढ्या लांब बसणं होत नाई." त्याच आठवड्यात मी शाळेतल्या जुन्या बायांबरोबर सेमाडोहला जाऊन आले. वाघ दिसला नाही, पण तो दिसावा म्हणून लाकडी मचाणावर चढले होते. बावीस पायऱ्या, त्याही शिडीच्या. कुणीतरी फोटो काढला आणि कुणीतरी तो ग्रुपवर टाकला. लेकीने तो पाहिला असणारच. ती कधी बोलली नाही. लग्नाला हे एकटे गेले. तिथे ह्यांनी काय काय खाल्लं ते मला आजतागायत कळलेलं नाही. विचारलं की ह्यांना लगेच पेपर वाचायचा असतो.

मग दोन वर्षांनी लेकीला दिवस गेले. बाळंतपण करणं हा तर आईचा हक्क. गुडघा एका रात्रीत बरा झाला. तारीख जानेवारीअखेरची होती, मी डिसेंबर लागताच निघाले. बरोबर ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, तिखट, डिंक, मेथ्या, अळीव, तूप, मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या उपासांसाठी साबुदाणा, आणि मीठ. बाळ झाल्यावर जेवीन, तोवर माझं मी खाईन. पाण्याचा प्रश्न मी विमानातच सोडवला होता. नळाचं पाणी नगरपालिकेचं असतं, लेकीचं नव्हे. अशा पळवाटा काढण्यात माझा हात कोणी धरला नसता. वकील व्हायची ती मास्तरीण झाले.

गाव डोंगराच्या कडेला चिकटलेलं, खाली बंदर, वर घरं, मध्ये नुसत्या पायऱ्या. लेक वरच्या मजल्यावर, तिची सासू खालच्या. विहीणबाई माझ्याच वयाच्या, विधवा, ठेंगण्या, आवाज मात्र बंदरापर्यंत जाणारा. दारात त्यांनी मला मिठी मारली आणि दोन्ही गालांचे मुके घेतले. मी चोवीस तासांच्या प्रवासानंतर आंघोळ न केलेली, आणि ही बाई मुके घेते! मी मनात पहिली नोंद केली: सोवळं-ओवळं काही नाही. दुसरी नोंद त्यांच्या लिंबांबद्दल होती. पपईएवढी लिंबं झाडांना लटकलेली, आणि सगळं गाव त्यांच्या कौतुकात. मी लेकीला म्हटलं, "साल आहे नुसती. वरूडचं एक संत्रं आणून ठेव म्हणा इथं, मंग बोला." लेक म्हणाली, "आई, तू येऊन एक तास झाला."

त्यांचा नाताळ डिसेंबरच्या आठ तारखेलाच सुरू होतो. त्या दिवशी विहीणबाईंनी माळ्यावरून खोकी काढली आणि पुढच्या खोलीत अख्खं गाव मांडलं. त्याला ते प्रेसेपे म्हणतात. बुचाच्या सालीचे डोंगर, खरं शेवाळ, आरशाच्या तुकड्याचं तळं. त्यात बोटभर उंचीची मातीची माणसं: पाववाला, धोबीण, मासे विकणारी, खुर्चीत घोरणारा एक म्हातारा. मधोमध गोठा, गोठ्यात गाय-गाढव, आई-बाप, आणि रिकामी गव्हाण. बाळ नाही. बाळ चोवीस तारखेच्या मध्यरात्री ठेवायचं, तोवर ते कपाटातल्या चहाच्या कपात झोपलेलं.

"आपल्या महालक्ष्म्यांची सजावट पाह्यली असती तर लाजल्या असत्या," मी लेकीला म्हटलं. "आणि हे तीन राजे गोठ्याजवळ काहून नाईत? तिकडे रेडिओवर काय करून राहिले?"

तीन राजे उंटांसकट खोलीच्या दुसऱ्या टोकाला, रेडिओवर उभे होते. लेकीने सांगितलं, ते पूर्वेकडून चालत येतात. रोज चार बोटं पुढे सरकवायचे. रेडिओवरून खिडकीत, खिडकीतून टेबलावर, असं करत सहा जानेवारीला ते गोठ्याशी पोचतात.

"म्हणजे बारशाचं जेवण आटोपल्यावर," मी म्हटलं, आणि स्वतःच्याच विनोदावर भरपूर हसले.

विहीणबाईंनी विचारलं मी काय म्हणाले. लेकीने काहीतरी भलतंच सांगितलं असावं, कारण त्या खूश झाल्या.

जेवायच्या वेळी त्या खालून हाका मारत. मी जात नसे. वर बसून भाकरी थापे, तिखट-तेल घेई, आणि खिडकीतून समुद्राकडे असं पाही की जशी काही मी त्याला दत्तक घेणार आहे. लेकीने पहिल्या आठवड्यात समजावलं. दुसऱ्या आठवड्यात सोडून दिलं. पण खाली टेबलावर माझं ताट मांडलेलं असे, रोज, दोन्ही वेळा. काट्या-चमच्यासकट. मी पायऱ्यांवरून येता-जाता पाही आणि म्हणे, भांडी घासायची हौस दिसते बाईला.

आता माझ्या व्रताची दुसरी बाजू सांगते. पंधरा दिवस भाकरी आणि तिखट खाल्ल्यावर माणसाचं मन चळतं. खाली चौकातल्या दुकानात पुठ्ठ्याचे मोठे खोके टांगलेले असत, लाल फित बांधलेले. त्यात उंच, गोल, मऊ पाव. आत बेदाणे, संत्र्याच्या सालीचे तुकडे, पिवळाधमक रंग. पानेत्तोने. मी हिशेब केला: पाव आहे, सुकामेवा आहे, दुकानातला आहे, लेकीच्या घरचा नाही. सगळ्या कलमांत बसतो. एक आणला. दुपारी लेक झोपली की दार लोटून खाल्ला. मग दुसरा आणला. खोके मी पलंगाखाली सरकवत असे, कारण लेकीने पाहिले असते तर इटलीत एक तरी गोष्ट चांगली आहे हे कबूल करावं लागलं असतं. महिनाभरात चार खोके झाले. उपाशीपोटी धर्म पाळणाऱ्या बाईचं वजन तीन किलोने वाढलं. समुद्राची हवा मानवते, असं मी ह्यांना फोनवर सांगितलं.

चोवीस तारखेच्या सकाळी लेक म्हणाली, "आई, आज यांच्या घरी उपवास असते. मटण-कोंबडं काहीच नाई. आज तरी खाली ये जेवाले."

उपवास! मी तर उडालेच. इतक्या दिवसांत पहिल्यांदा या लोकांनी माणसासारखी गोष्ट केली होती. मी लगेच साबुदाणा भिजत घातला. खाणार नसले तरी खाऊ घालायला माझी ना नव्हती. माझा साबुदाणा, माझा कूट, माझं मीठ. दुपारपर्यंत मोठं पातेलंभर खिचडी केली, मोकळी, दाणा न् दाणा सुटा, वर कोथिंबीर. तिन्हीसांजेला पातेलं पदराने धरून पायऱ्या उतरले. वाटलं, विहीणबाईंना दाखवू उपवास म्हणजे काय असतो.

स्वयंपाकघरात पाय ठेवला आणि भांडी घासायच्या कुंडीत काहीतरी वळवळलं. साप! मी एवढ्या जोरात किंचाळले की जावई तेलाचे हात घेऊन धावत आला. साप नव्हता. वाम होती, जिवंत, मनगटाएवढी जाड. शेजारी शिंपले, त्याच्या शेजारी आठ पायांचं एक भूत, तिकडे परातभर खारवलेला मासा पिठात घोळून तळायला तयार.

"हा उपवास?" मी म्हटलं.

"मटण नाई ना," लेक म्हणाली.

"अवं, हे पाप धुवाचं आहे की पोट भराचं? समुद्रात काही शिल्लक ठेवलं का यायनं?"

विहीणबाईंनी हातातली सुरी थांबवून विचारलं, काय म्हणते? लेकीने सांगितलं नाही. तिने माझ्या हातातलं पातेलं घेऊन टेबलाच्या मधोमध ठेवलं. टेबल मांडलेलं होतं. माझं ताट त्यांच्या शेजारी, आणि त्यापुढे वेगळी काढलेली एक वाटी: नुसती टोमॅटोची चटणी घातलेल्या शेवया, मासा न लावलेल्या. माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात केलेल्या.

"आई," ती हळू म्हणाली, "एक घास. बस फक्त."

"लेकीच्या घरचं म्या खात नाई. तुले माहीत आहे."

"हे माह्यं घर नाई. माह्या सासूचं आहे."

"मंग तर अजिबातच नाई."

ती आठ महिने भरलेलं पोट घेऊन उभी होती. खुर्चीच्या पाठीवर हात. रडली असती तर बरं झालं असतं, मी समजूत घातली असती, त्यात मी पटाईत आहे. ती रडली नाही. म्हणाली, "लग्नाच्या वेळेस गुडघा होता. आता घास आहे. पुढच्या वेळेस काय राहीन ते आत्ताच सांगून ठेव, म्हणजे मी वाट पाहणार नाई."

मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम," आणि वर निघून आले. पायऱ्या चढताना माझी मान इतकी ताठ होती की दोनदा ठेचकाळले. वर जाऊन पलंगाखालचा तिसरा खोका ओढला आणि त्यांचे हसण्याचे आवाज ऐकत अर्धा पानेत्तोने संपवला. एकादशी, दुप्पट खाशी. ही म्हण आमच्याकडे उगीच नाही. आमच्या उपासाला शेंगदाणे, बटाटे, रताळी, वर साबुदाण्याचे वडे आणि दही चालतं, पण मासे खाणाऱ्यांना हसायला आम्ही पहिल्या रांगेत.

दुसऱ्या दिवशी पातेलं परत आलं, घासून लखलखीत. खिचडी त्यांनी सगळी संपवली होती. वामेबरोबर. मी ते पातेलं पुन्हा घासलं.

लेक त्यानंतर माझ्याशी नीट बोलत होती, आणि तेच वाईट होतं. पाहुण्याशी बोलतात तसं. चहा आहे, थंडी आहे, डॉक्टर बरं म्हणाले. मी पोटाला तेल लावायला बसले तर म्हणाली, "राहू दे, त्रास नको." मी बाळंतपणाला आलेली बाई, आणि माझ्या लेकीने मला त्रास नको म्हटलं. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली की आता ही जन्मभर माझ्याशी असंच चांगलं वागेल.

त्याच दिवसांत विहीणबाई वर आल्या आणि खुणा करून माझ्या हिरव्या सुती साडीचा तुकडा मागू लागल्या, त्या साडीचा पदर विमानात फाटला होता म्हणून. फडकं हवं असेल पुसायला, असं समजून मी दिलं. वर एक चिमूट मीठ मागितलं, माझ्या पुडीतलं. समुद्राकाठी राहून मीठ माझ्याकडे मागते! मी मोठ्या मनाने दिलं.

दोन दिवसांनी खालून जाताना पाहिलं. राजे खिडकीत पोचले होते. शेवटच्या उंटामागे एक चौथं माणूस उभं होतं. ती मासे विकणारी मातीची बाई. तिला माझ्या साडीचा तुकडा नेसवला होता, उलटाच, पण पदर डोक्यावर. कपाळावर नखाच्या लाल रंगाचा टिपका. आणि डोक्यावरच्या टोपलीतले मासे सुरीने खरवडून काढून टाकलेले. टोपलीत मीठ होतं.

मी ताबडतोब लेकीला गाठलं. "मले उंटामागं उभं केलं! कामवालीसारखं!"

लेक बऱ्याच दिवसांनी हसली. "आई, त्या म्हणतात तुमी बी पूर्वेकडूनच आल्या. आणि तुमाले बी टाइमच लागून राहिला. मासे त्यायनं काढून टाकले, तू खात नाई म्हणून."

जाता जाता मी त्या मातीच्या बाईचा पदर सरळ केलाच. गबाळी बाई मला मातीचीसुद्धा सहन होत नाही.

पाच जानेवारीला विहीणबाई झाडू घेऊन वर आल्या. बाळाचा पाळणा मांडायचा म्हणून त्यांना पलंगाखालची जागा झाडायची होती. मी "नको, नको" म्हणत आडवी झाले, पण त्या झाडूत बंदरावरच्या बाईचं बळ होतं. पहिला खोका बाहेर आला. मग दुसरा. मग तिसरा, मग चौथा. लाल फिती मी नीट घडी करून आतच ठेवल्या होत्या, घरी न्यायला. विहीणबाई खोक्यांकडे पाहत राहिल्या, मग माझ्याकडे, आणि झाडूवर रेलून अशा हसल्या की लेक स्वयंपाकघरातून आली.

"काय आहे त्यात हसण्यासारखं? पाव आहे," मी म्हटलं. "दुकानातला. शुद्ध."

लेकीने खोका उचलला. "आई, यात अंडी असतात."

"कशात?"

"यात. लय अंडी. पिवळं कायनं होते मंग? तुले काय हळद वाटली?"

मी पलंगावर बसले. चाळीस वर्षं शाळेत मुलांना नीट वाचा, नीट वाचा म्हणून सांगितलं, आणि खोक्यावरची अक्षरं एकदाही कुणाला वाचून दाखवायला सांगितली नाहीत. "तर मले सांगाचं ना!"

"तू इचारलं कधी?" लेक म्हणाली. "तू तं फक्त सांगत असते."

सहा जानेवारीची सकाळ. त्या दिवशी त्यांची एक म्हातारी येते, बेफाना नावाची. नाकाला मस, फाटके कपडे, आणि झाडूवर बसून! आमच्याकडे झाडूला पाय लागला तर नमस्कार करतात, लक्ष्मी असते ती. आणि ही बया तिच्यावर स्वार होऊन गावभर फिरते. त्या गावात तर ती बंदरातून होडीने येते आणि धक्क्यावर पोरांना खाऊ वाटते. घराघरांत आदल्या दिवशी मोजे टांगलेले असतात. चांगल्या पोरांच्या मोज्यात मिठाई, द्वाडांच्या मोज्यात कोळसा.

माझ्या खोलीच्या दाराला लोकरीचा एक मोजा टांगलेला होता. हात घातला तर काळे खडे. कोळसा.

मी तशीच, केस मोकळे, मोजा हातात धरून खाली उतरले. आता मात्र अपमानाची हद्द झाली होती. परक्या देशात, म्हाताऱ्या विहिणीला कोळसा! टेबलाशी तिघं बसली होती. मी मोजा टेबलावर उपडा केला. "हे काय आहे?"

विहीणबाईंनी एक खडा उचलला, दातांखाली धरला आणि कुडुम करून फोडला. काळ्या जिभेने हसल्या. मग दुसरा खडा उचलून माझ्या हातावर ठेवला.

लेकीने खडीसाखरेकडे पाहावं तसं त्या खड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला सगळं दिसत होतं. हा खडा दुकानातला नव्हता, माझ्या कलमांत बसणारा नव्हता. हा लेकीच्या घरच्या मोज्यातून आलेला, विहिणीच्या हातून मिळालेला, बाळ व्हायच्या आधीचा होता. त्या अमरावतीच्या तांब्याला तो अजिबात चालला नसता. आणि पुरणाच्या पोळ्यांच्या परातीशी बसलेली एक बावीस वर्षांची बावळट मुलगी माझ्याकडे टक लावून पाहत होती, ही आता काय करते म्हणून.

मी खडा तोंडात टाकला. साखर होती. नुसती काळी केलेली साखर, कडक, दाताला लागणारी.

मग मी खुर्ची ओढली आणि बसले. महिनाभर मांडलेल्या ताटासमोर. विहीणबाईंनी मसुराची आमटी वाढली. तिला फोडणी नव्हती, हिंग नव्हता, वर नुसतं कच्चं तेल ओतलेलं. आजाऱ्याला देतात तशी. मी एक चमचा घेतला, दुसरा घेतला. अळणी होती. वर माझी पुडी होती, अर्धी भरलेली. आणायला उठता आलं असतं.

"मीठ दे," मी लेकीला म्हटलं.

तिने टेबलावरचं मीठ माझ्यापुढे सरकवलं. हात काढून घ्यायला तिला थोडा वेळ लागला. मग म्हणाली, "आई, दुपारी तेल लावून देशील? पाठ लय दुखून राहिली."

त्या संध्याकाळी राजे गोठ्याशी पोचले. विहीणबाईंनी उंटामागची बाई मला उचलायला लावली आणि बोटाने जागा दाखवली, गव्हाणीच्या अगदी काठाशी. मी जरा अलीकडे ठेवली. त्यांनी ती पुढे ढकलली.

आता जठारपेठेतसुद्धा डिसेंबरात लाल टोप्या विकायला येतात आणि आमच्या समोरच्या बिल्डिंगीत झाडाला दिवे लावतात. मी गॅलरीतून पाहते आणि नाक मुरडते. प्रेसेपे काय असतं ते यांना ठाऊक तरी आहे का! त्या लोकांना मी एवढी हसते की आमच्या ह्यांनी ऐकायचं यंत्र काढून ठेवलंय. आणि गुडघा आता खरोखर दुखतो. एवढं लांब बसणं खरोखर होत नाही. फोनवर हे सांगताना माझी मलाच लाज वाटते, कारण खोटं बोलताना मी हेच शब्द वापरले होते, अगदी अक्षरशः. लेक म्हणते, "माहीत आहे आई, आता खरं आहे." त्या "आता"चा अर्थ मला कळतो.

त्यामुळे दर वर्षी ती मातीची बाई एकटीच जाते. आठ तारखेला तिला खोक्यातून काढतात आणि रेडिओवर, शेवटच्या उंटामागे उभी करतात. सरकवायचं काम नातीकडे आहे. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. "आज्जी, आज तू खिडकीत आली." "आज्जी, आज तू पडली, पण काही झालं नाई." टोपलीतलं मीठ दमट हवेने दगड झालंय, अकोल्याचंच आहे म्हणे अजून.

परवा मी तिला म्हटलं, "अवं बाई, माह्यं ऐक. यंदा मले चोवीस तारखेलेच नेऊन ठेव गोठ्यापाशी. ताटं मांडायच्या आधी."

तिने डोकं हलवलं. आठ वर्षांची आहे, समोरचे दोन दात पडलेत.

"नाई. तू सहा तारखेले येते."

"एक डाव!"

"नाई म्हणजे नाई. नियम म्हणजे नियम," ती म्हणाली, आणि माझ्या डोळ्यांदेखत मला चार बोटं पुढे सरकवून फोन ठेवून दिला.